केळशीच्या पुळणीवर पहिल्यांदा जाताय? आधी तिथी बघा

केळशीला कसं जायचं, कुठे राहायचं, तिथे बघायला काय आहे, असं गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवावं. मी गेली बारा-तेरा वर्षं जवळपास दरवर्षी जातोय, कधी एकटा, कधी घरच्यांना घेऊन, आणि दरवेळी खाडीच्या तोंडाशी वाळू वेगळ्याच जागी सापडते. म्हणून हे जे लिहितोय ते नकाशासारखं धरू नका, तिथे गेल्यावर काय बघायचं आणि काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केळशी हे दापोली तालुक्याच्या अगदी उत्तर टोकाचं गाव. दक्षिणेला उटंबरचा डोंगर, उत्तरेला भारजा नदी समुद्राला मिळते ती खाडी, आणि या दोघांच्या मधे लांबच लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. गाव आणि पुळण यांच्यामधे सुरूचं बन. पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी असं काही हवं असेल तर दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याला जा, तिथे ते चांगलं मिळतं. केळशीला कट्ट्यावर बसून भेळ खायची सोय नाही, चेंजिंग रूम नाही, लाइफगार्ड नाही. हे सगळं नाही म्हणून तर जायचं, पण नाही म्हणजे खरंच नाही, हे धरून तयारी करा.

पहिलं काम : कॅलेंडर काढा

लोक आधी हॉटेल शोधतात, मग सुट्टी टाकतात आणि तिथे पोचल्यावर बघतात तर पाणी पार सुरूच्या मुळाशी आलेलं, चालायला वाळूच नाही. नदीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटी चालते (कोळी लोक ओहोटीला सुकती म्हणतात). त्यामुळे आधी तिथी बघायची, मग रजेचा अर्ज.

हिशोब एकदम सोपा आहे, कोकणात सगळ्यांना येतो. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे पूर्ण भरती. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी बारा-सव्वाबारा, आणि दुपारी बाराला त्या उन्हात वाळूवर कोण चालणार, तेव्हा लांब चालायला अष्टमी आपल्या कामाची नाही. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं, अमावस्या पौर्णिमेसारखीच पंधरा धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ भरतीच्या ॲपवर मिळते, पण ट्रिप ठरवायला पाऊणपट पुरते. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते तेही याच हिशोबात आलं.

मग चांगल्या तिथी कुठल्या? माझं मत विचाराल तर त्रयोदशी-चतुर्दशी. चतुर्दशीला साडेदहाला भरती, म्हणजे पावणेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, ऊन उतरलेलं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या जवळपास उधाण असल्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं, एवढी ओली घट्ट वाळू उघडी पडते की दोन तास चाललात तरी कंटाळा येणार नाही. ज्यांना सकाळ आवडते त्यांनी द्वितीया धरावी, रात्री दीडला भरती आणि सकाळी पावणेआठच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार वरही येत नाही आणि फार आतही जात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर भांगाचे दिवस बरे, खाडीच्या तोंडाशीही ओढ त्यातल्या त्यात कमी असते.

महिना म्हणाल तर कोजागिरीपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात हिरवंगार असतं, मान्य, पण समुद्र खवळलेला, भारजेला पूर, आणि पुळणीचा बराचसा भाग लाटांनी ओरबाडून नेलेला असतो. तो हळूहळू परत भरतो. मे महिन्यात आंबे-फणस आहेत पण उकाडा सोसत नाही आणि चाकरमानी गावाला आलेले, राहायला जागा नाही. शिमग्याला जायचं असेल तर महिनाभर आधी फोन करा.

राहणं आणि जेवण

घरगुती सोय असते, मोठी रिसॉर्टं वगैरे नाहीत. लोक आपल्याच वाडीतल्या खोल्या देतात. फोन करताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा, एक म्हणजे जेवण मिळेल का आणि शाकाहारी की मासे, कारण काही घरांत फक्त शाकाहारी असतं आणि तिथे बाहेरून मासे आणून खायला परवानगी नसते. दुसरं, गाडी दारापर्यंत येते का. केळशीच्या आतल्या वाटा चिंचोळ्या, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, समोरून बैलगाडी किंवा दुसरी गाडी आली की एकाला मागे जावंच लागतं.

जेवण आयत्या वेळी मागू नका. सकाळच्या नाश्त्याचं आदल्या रात्री आणि दुपारच्या जेवणाचं सकाळी सांगायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. तिथे कोणी फ्रीजमधून काढून गरम करून देत नाही, नारळ फोडण्यापासून सुरुवात असते. घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि मासे खाणाऱ्यांनी त्या दिवशी जे ताजं आलं असेल ते खावं, पापलेटच पाहिजे असा हट्ट धरू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तर बिलकुल नाही.

रोख पैसे बरोबर ठेवा. पेट्रोल दापोली किंवा मंडणगडला भरून घ्या. मोबाइलची रेंज कंपनीप्रमाणे येते-जाते, पुळणीवर तर भरवसा धरूच नका, म्हणून घरमालकांना सांगून निघा की आम्ही खाडीकडे चाललोय, अमुक वाजेपर्यंत येऊ.

रस्ता

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत मंडणगडवरून आलं की साधारण २०० किलोमीटर. मुंबईकरांना मुंबई-गोवा हायवेने येता येतं. ट्रेनने यायचं तर कोकण रेल्वेच्या खेड स्टेशनला उतरा, तिथून एसटीने दापोली आणि दापोलीहून केळशीची एसटी. गाड्या मोजक्या आहेत, म्हणून दापोली स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर वेळ विचारा, चहा नंतर प्या.

हाताशी वेळ असेल तर दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने या : हर्णै, आंजर्ले, पाडले, आडे, मग उटंबरचा चढ आणि खाली केळशी. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, आड्याला भार्गवरामाचं देऊळ आहे. रस्ता अरुंद आहे, अंधार पडायच्या आत संपवा. रायगडच्या बाजूने, हरिहरेश्वर करून येणारे बागमांडला-वेसवी फेरीबोटीने गाडीसकट सावित्रीची खाडी पार करतात, मुलांना ते फार आवडतं, मात्र फेरीबोटीची शेवटची वेळ आणि पुढचा रस्ता दोन्ही त्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

आता पुळणीवर

गाडी गावातच लावा. ही नुसती विनंती नाही, हे मी हात जोडून सांगतोय. ओल्या वाळूवर गाडी सुरुवातीला मस्त पळते, मग एका जागी थांबली की चाकाखालची वाळू पाणी सोडते आणि गाडी बसते, तोपर्यंत भरती सुरू. दापोलीच्या किनाऱ्यांवर असे प्रकार दरवर्षी होतात. गाडीचं नुकसान तर आहेच, पण त्या वाळूत काय काय राहतं ते एकदा खाली बसून बघा, मग चाक घालायचं मन होणार नाही.

खरंच बसा. ओहोटी लागून तासभर झाला असेल तिथे, ओल्या वाळूवर उकिडवे बसा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. आधी नुसत्या मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या दिसतील, शेकडो, एका छिद्राभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. मग छिद्रातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येईल. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्यासारखं असेल ते चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो, परत पुढची. एका रेषेत जातो, रेष संपली की छिद्राशी परत येऊन दुसरी रेष धरतो. तुम्ही हात हलवलात की सगळे एका क्षणात आत. पुढची भरती येते आणि सगळी नक्षी पुसून टाकते. माझी पुतणी सहा वर्षांची असताना इथे अर्धा तास बसली होती, तिला उठवून न्यावं लागलं.

सुरूच्या बनातून बाहेर आलात की डावीकडे म्हणजे दक्षिणेला उटंबर, उजवीकडे उत्तरेला खाडी. सरळ खाडीकडे पळू नका. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला लागा आणि पाण्याच्या कडेने उत्तरेला जा, म्हणजे मुखाशी पोचाल तेव्हा पाणी सगळ्यात कमी असेल आणि परतायला वेळ राहील. पायात पट्ट्याच्या जुन्या सॅंडल, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली, हातात एक काठी. काठीचा उपयोग पुढे येतोय.

थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे बसलेले असतात, त्यांच्यात मुलांना पळवत सोडू नका, फार लांबून उडत आलेले असतात बिचारे. तुतवार आणि चिखल्या पाण्याच्या कडेला दुडूदुडू धावताना दिसतील. वर बघत राहिलात तर समुद्री गरुडही दिसू शकतो, पांढरं पोट, रुंद पंख.

वाळूची टेकडी

पुळणीच्या उत्तर टोकाला, खाडीच्या तोंडाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे, आणि पहिल्यांदा जाणारे तिच्याकडे नुसता उंचवटा म्हणून बघतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा बरीच वर्षं अभ्यास केला. आतल्या थरांत मडक्यांचे तुकडे, कोळसा, शिंपले असं सापडलं, म्हणजे इथे कधीकाळी माणसांचा वावर होता. समुद्राच्या मोठ्या लाटेने, त्सुनामीने, इथे वाळू आणून टाकली असावी असं मराठ्यांचं म्हणणं होतं, आणि ती लाट नेमकी कधीची यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

आपण काय करायचं? टेकडीच्या कापल्या गेलेल्या कडेवरून घसरगुंडी खेळायची नाही. शिंपला किंवा खापराचा तुकडा दिसला तर बघायचा, फोटो काढायचा आणि तिथेच ठेवायचा. तिथे पसरलेल्या जांभळ्या फुलांच्या वेलाला मर्यादावेल म्हणतात, तो उपटायचा नाही. त्याची मुळं वाळू धरून ठेवतात, तो गेला की वारा वाळू उडवून नेतो.

खाडीचं तोंड : इथे सावकाश वाचा

इथली वाळू स्थिर नाही. भारजा वरून गाळ आणते, समुद्र आत वाळू ढकलतो, आणि दोघांच्या मधे वाळूचे दांडे तयार होतात. ओहोटीला ते उघडे पडतात आणि चालत जावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. फेब्रुवारीतली त्रयोदशी होती, चार वाजता घोट्याएवढ्या पाण्यातून मी आणि मावसभाऊ दांड्यावर गेलो, शिंपले बघत, गप्पा मारत बसलो आणि सूर्यास्त बघूनच उठू म्हणत साडेसहा वाजले. परत वळलो तर जिथून आलो होतो तिथे कमरेच्या वर पाणी आणि ते सरळ आत, नदीकडे ओढत होतं. भरती समोरून चढेल आणि आपल्याला दिसेल असं आम्ही धरलं होतं, पण पाणी आमच्या पाठीमागून, दांडा आणि किनारा यांच्या मधल्या घळीतून भरलं.

किनाऱ्यावर एकजण पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत होता, त्याने ओरडून सांगितलं, "दादा, तिकडनं नको! वरनं या, रुंद आहे तिथनं!" आम्हाला अरुंद जागा जवळची वाटत होती. पण पाणी जिथे अरुंद तिथे खोल असतं आणि जोरात वाहतं, जिथे पसरलेलं असतं तिथे उथळ. आम्ही पन्नास-साठ पावलं वरच्या अंगाला जाऊन तिरके आलो, मांडीएवढ्या पाण्यातून. त्या माणसाने पाग खाली ठेवला होता आणि आम्ही वाळूला लागेपर्यंत तो तिथेच उभा होता. हात जोडले तर म्हणाला, "परत जाताना घड्याळ बघा."

तर त्या दिवसापासूनचे माझे नियम. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की दांड्यावरून परत फिरायचं, ओहोटी संपेपर्यंतचाच वेळ आपला. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात अगदी थोडं, आणि सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास अर्धं पाणी भरतं, म्हणून पहिल्या तासात "काही चढत नाहीये" असं वाटतं तीच फसगत. पाण्यातून जाताना पुढे काठी टेकवायची, काठी सहज आत गेली तर गाळ आहे, पाऊल टाकायचं नाही. गाळात पाय रुतलाच तर झटके देऊ नका, मागे बसल्यासारखं व्हा, वजन पसरवा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. आणि पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्या, कारण उथळ पाण्यात वाळूखाली पाकट (एक चपटा मासा) पडून राहते, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारते, घासत गेलात तर ती आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्याने वेदना कमी होतात, आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

पोहायचं असेल तर खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही, तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा. ओहोटीला नदीचं आणि खाडीत भरलेलं सगळं पाणी एकाच वाटेने बाहेर जातं. पुळणीच्या मधल्या भागात, भरती चढत असताना, कमरेच्या खाली एवढंच. लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तो पोहायला चांगला वाटतो पण तीच पाण्याची बाहेर जायची वाट असते. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. नंबर जवळ ठेवा : ११२ आपत्कालीन, १०८ ॲम्ब्युलन्स, १५५४ तटरक्षक दल. पण रेंजचं आधी सांगितलंच आहे.

कासवं

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या या पट्ट्यात रात्री अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. खाडीपलीकडे जरा उत्तरेला वेळास आहे, तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून संरक्षणाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव होतो. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर तिथे चौकशी करून जा. केळशीच्या पुळणीवर पहाटे ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग पाण्यातून वर गेलेला दिसला तर त्यावर चालू नका, उकरू नका, गावातल्या कासवमित्रांना सांगा. रात्री पुळणीवर टॉर्च, शेकोटी, स्पीकर काही नको. पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्राऐवजी तुमच्या शेकोटीकडे येतील. टॉर्च लागलाच तर लाल जिलेटीन पेपर लावून, खाली धरून.

उरलेला वेळ

उटंबरच्या पायथ्याशी महालक्ष्मीचं देऊळ आहे, घुमटाचं, शेजारी तळं, चैत्रात मोठा उत्सव असतो. गावाजवळच्या एका टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा आहे, शिवाजी महाराजांची या बाबांवर श्रद्धा होती असं गावात सांगतात. दोन्हीकडे पोहायच्या ओल्या कपड्यांत जाऊ नका, एवढं कळतं सगळ्यांना, तरी लिहितोय.

पुळणीवर कचऱ्याचा डबा नाही, नेलेली प्रत्येक पिशवी-बाटली परत खोलीवर आणा. माझ्या सॅकमधे एक रिकामी सिमेंटची गोणी कायम असते, येताना दिसेल तेवढं प्लॅस्टिक आणि जाळ्यांचे तुकडे त्यात भरतो. नायलॉनच्या जाळ्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, ते आधी उचला.

सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत बनात मिट्ट काळोख होतो आणि गावाकडे जाणाऱ्या पायवाटा सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून येताना ज्या वाटेने बाहेर पडलात तिथे एखादी वेगळी खूण बघून ठेवा, वाकडा सुरू, पडकं कुंपण, काहीही, आणि सहज दिसेल असं एक फडकं बांधून ठेवा, परतताना सोडून घ्या. घरी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवलेली असते, पाय तिथे धुवा, वाळू घेऊन ओटीवर चढू नका. आणि सकाळच्या एसटीने निघणार असाल तर रात्री जेवतानाच जेवण वाढणाऱ्या घरच्या मावशींना गाडीची वेळ विचारा आणि पाच-दहा मिनिटं आधीच जाऊन उभे राहा, पुढची गाडी मिळायला बराच वेळ लागतो.